गुडघ्याखालची उशी

बायकोचं ऑपरेशन फसलं म्हणून हळहळणारे नवरे पुष्कळ सापडतील. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या दिवाकरराव उमाळकरांच्या बायकोचं ऑपरेशन झकास पार पडलं होतं, आणि नेमकं त्यामुळेच त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

विनोदिनीबाईंचे दोन्ही गुडघे कित्येक वर्षांपासून कामातून गेले होते. जिना चढायचा तर कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. बाजारात जायचं तर दर दोन दुकानांमागे थांबून. दिवाकरराव त्यांच्या शेजारून चालायचे, हातात भाजीची पिशवी आणि चेहऱ्यावर समजूतदार नवऱ्याचा भाव. गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवायच्या की उमाळकरकाका बघा, कसे काकूंच्या पावलानं चालतात. काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि आणखी हळू चालायचे.

खरी गोष्ट अशी होती की त्यांना तेवढंच चालता यायचं. त्यांचा उजवा गुडघा बायकोच्या गुडघ्यांइतकाच झिजला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. पण एका घरात दोन लंगडी माणसं शोभत नाहीत, असं त्यांचं आपलं ठाम मत. त्यातून बाईचा नंबर आधी लागला होता. ती कण्हायची, मलम चोळायची, गरम पाण्याची पिशवी घ्यायची, आणि हे तिची सेवा करायचे. सेवा करणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही की बाबा तुझं कसं आहे. दिवाकररावांना ते बरंच होतं. मलमाची ट्यूब बायकोच्या उशाशी असायची, तिच्यातलं निम्मं यांच्या गुडघ्याला लागायचं, आणि हे कोणाला ठाऊक नाही असं ते धरून चालले होते.

माणूस तसा हौशी. वडील रेल्वेच्या नोकरीत वर्ध्याहून रायपूरला आलेले. हे इथेच वाढले, सिंचाई विभागात हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. ऑफिसात दुसऱ्याच्या फाइलवर शेरा मारायची सवय, ती घरीही गेली नाही. शेजारपाजारच्या प्रत्येक दुखण्यावर त्यांच्याकडे सल्ला तयार असायचा. विनोदिनीबाईंना तर ते तीन वर्षं सांगत होते, "अवं, आजकाल गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे काहीच नाही. दात काढल्यासारखं आहे. तू भेऊन काहून राहिली?"

"मले नाही करायचं," त्या म्हणायच्या. "आहे तसं चालू द्या."

आणि मागच्या दिवाळीत एकाएकी त्या म्हणाल्या, "करून टाकू." दिवाकररावांनी ते आपल्या बोलण्याच्या खात्यावर जमा करून टाकलं आणि चार ठिकाणी सांगितलंही.

थंडीत दोन्ही गुडघे एकदम झाले. पहिले काही दिवस फार वाईट गेले. समता कॉलोनीतून रुचिता नावाची फिजिओथेरपिस्ट घरी यायची. गोड मुलगी, पण हात कसायाचे. ती पाय वाकवायला लागली की विनोदिनीबाई पलंगाची कड धरून ओठ चावायच्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. दिवाकरराव अशा वेळी चहा करायला उठायचे. चहा उकळून उकळून काळा व्हायचा, तरी ते ओट्यापाशीच उभे. आतून येणारा तो आवाज त्यांना ऐकवत नव्हता, आणि दात काढल्यासारखं म्हणणारी आपली जीभ आठवून त्यांना स्वतःचीच चीड यायची. मग खोलीतून वॉकरचा आवाज यायचा. चार रबरी टोपणं फरशीवर टेकली की ठप्, मग पावलं, मग पुन्हा ठप्.

हळूहळू वॉकर सुटला आणि माळ्यावर गेला. काठी आली, तीही सुटली. उन्हाळा संपेस्तोवर विनोदिनीबाई चालायला लागल्या होत्या, आणि चालायला लागल्या म्हणजे काय, सुटल्याच. पाय बाणासारखे सरळ झाले. वर्षानुवर्षं बाहेर फाकलेली चाल गेली. नव्या गुडघ्यांतून मधूनच टिक् असा आवाज यायचा आणि त्यांना त्याचं फार कौतुक होतं. बघायला येणाऱ्या बायकांना त्या साडी घोट्यावरून वर घेऊन टाक्यांची रेघ दाखवायच्या आणि मग, "ऐका, ऐका," म्हणून पाय वाकवून टिक् ऐकवायच्या.

आणि इथून दिवाकररावांच्या हालांना सुरुवात झाली.

रोज सकाळी बुढा तालाबच्या काठाने फिरायला जायचं, असं विनोदिनीबाईंनी ठरवलं. एकटीनं नाही, जोडीनं. "इतकी वर्षं माह्या मागं मागं चालले जी तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता जरा मोकळे चाला."

पहिल्या दिवशी त्या गेटातून निघाल्या आणि दिवाकरराव चपला घालेपर्यंत कोपऱ्यावर पोचल्या. तलावाच्या काठावर तर त्यांच्यातलं अंतर वाढतच गेलं. मग दिवाकररावांना नाना युक्त्या सुचायला लागल्या. मध्येच थांबून खिशातला फोन काढायचा आणि कोणाशी तरी तावातावाने बोलायचं. पलीकडे कोणीच नसायचं. पेरूवाल्याकडे थांबून घासाघीस करायची, पेरू घ्यायचेच नाहीत. पाण्यातल्या बदकांकडे असं एकटक बघत राहायचं की बघणाऱ्याला वाटावं, काकांना पक्ष्यांची फार आवड. विनोदिनीबाई पूर्ण चक्कर मारून मागून येऊन त्यांना गाठायच्या आणि दुसरी चक्कर सुरू करायच्या.

एकदा यामिनी बरोबर होती. यामिनी त्यांची एकुलती मुलगी, नवा रायपूरला एका सरकारी संस्थेत नोकरीला. तिच्याशी मराठीत बोललं तरी ती हिंदीतच उत्तर द्यायची. ती म्हणाली, "पापा, आप इतना धीरे क्यों चलते हो? मम्मी तो आपसे आगे निकल गई."

"तुह्या आईले नवे पार्ट बसवले आहेत," दिवाकरराव म्हणाले. "माहे ओरिजिनल आहेत. ओरिजिनल माल जपून वापरावा लागते."

यामिनी हसली. विनोदिनीबाई हसल्या नाहीत. त्या त्यांच्या पायांकडे बघत होत्या, मग म्हणाल्या, "दुखते का जी काही?"

"मले काय झालं दुखाले?" दिवाकरराव म्हणाले आणि पुढचा चौक येईपर्यंत दात आवळून ताठ चालले. घरी आल्यावर न्हाणीघराचं दार लावून गुडघ्यावर गार पाणी ओतत बसले.

सांगून का टाकलं नाही या माणसानं? एक म्हणजे, इतक्या वर्षांची बढाई. दुसरं म्हणजे तुळशीराम.

तुळशीराम त्यांच्याच ऑफिसातला, पुरानी बस्तीत राहणारा. त्याचंही गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, विनोदिनीबाईंच्या वर्षभर आधी, आणि ते काही धड झालं नव्हतं एवढं दिवाकररावांच्या कानावर होतं. ऑपरेशनचा विचार डोक्यात आला की पाठोपाठ तुळशीरामही तिथे येऊन बसायचा. श्रावण संपता संपता त्यांना राहवेना. बँकेत जातो सांगून त्यांनी स्कूटर काढली. स्कूटरवर त्यांना बरं वाटायचं. स्कूटरवर सगळ्यांचे पाय सारखेच. उतरताना तेवढं जपावं लागायचं.

तुळशीराम बाजेवर पाय पसरून बसला होता. पसरून म्हणजे डावा पसरलेला, उजवा गुडघ्यात वाकलेला. बायकोनं, पद्मिनीवहिनींनी, खुर्ची दिली.

"कसं काय आहे मग?" दिवाकररावांनी विचारलं.

"कसं राहीन? सरळच नाही होत ना बावा हा पाय," तुळशीराम म्हणाला. "डॉक्टर म्हणते गुडघा तर बरोबर बसवला. मंग मी वाकडा काहून चालून राहिलो? संडासात जाले काठी लागते मले."

पद्मिनीवहिनी मध्येच म्हणाल्या, "यायले भल्लं दुखत होतं जी सुरुवातीले. म्हणून मी गुडघ्याखाली नरम उशी देऊन ठेवली. तेवढंच बरं वाटे. दिवसभर, रातभर तशीच. अन् कसरत करवाले पोट्टी येत होती तर हे तिले दारातूनच भगवून देत."

"दुखत होतं तर काय करू?" तुळशीराम चिडला.

"मंग ती एक दिवस म्हणाली, काकू, या उशीनंच पाय वाकडा राहिला. आता सांगून काय फायदा?" वहिनींनी मायेनं केलं होतं, आणि माया अंगाशी आली होती.

दिवाकररावांनी सगळं ऐकलं, चहा घेतला आणि निघाले. परत येताना त्यांच्या डोक्यात उशी नव्हती, तो वाकडा पाय तेवढा होता. माणूस भ्यायला की त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. घरी आल्यावर मात्र जीभ गप्प बसेना. विनोदिनीबाईंना म्हणाले, "नशीबवान आहेस बाप्पा तू. तुळशीरामचा पाय पाहून आलो. जन्माचा वाकडा झाला."

"तुम्ही बँकेत गेले होते ना?"

"वाटेत लागलं त्याचं घर."

बँक होती एका दिशेला, पुरानी बस्ती दुसऱ्या. विनोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "काहून झाला वाकडा?" त्यांनी विचारलं, आणि उशीची सगळी हकीकत काढून घेतली. शेवटी पुन्हा तोच प्रश्न. "तुम्हाले काही दुखते का जी?"

"नाही म्हटलं ना एकदा!" दिवाकरराव उगाचच ओरडले.

मग भाद्रपद लागला आणि महालक्ष्म्या आल्या.

उमाळकरांकडच्या महालक्ष्म्या म्हणजे वर्ध्याहून आलेली रीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी उभ्या, अंगावर जरीच्या साड्या, पुढ्यात त्यांची बाळं, वर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, भाज्यांची रेलचेल आणि गल्लीभर लोक जेवायला. जुन्या रीतीप्रमाणे यजमानानं सोवळं नेसून पाटावर मांडी घालायची आणि स्वतः मंत्र म्हणत पूजा करायची. पण विनोदिनीबाईंना खाली बसता येईनासं झालं तेव्हापासून दिवाकररावांनी दोघांसाठीही खुर्च्या मांडल्या होत्या. दर वर्षी पाहुण्यांना ऐकवायचे, "हिच्या गुडघ्यांपायी सोडावं लागलं जी. नाहीतर मी आजही तासभर मांडी घालून बसीन."

या वर्षी विनोदिनीबाईंनी माळ्यावरून पाट काढला. घासूनपुसून लख्ख केला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

"हे काय?" दिवाकररावांनी विचारलं.

"पूजेले. इतकी वर्षं माह्यापायी तुमची रीत मोडली. आता मांडा."

"अन् तू?"

"मले डॉक्टरनं खाली बसाले मना केलं आहे. मी खुर्चीवर बसीन." त्या थांबल्या. सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाले कोणी मना केलं आहे का?"

दारच उघडं ठेवलं होतं बाईनं. एक शब्द बोलायचा होता. पण दिवाकरराव म्हणाले, "मले कोण मना करीन?" आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

पुढचे दिवस त्यांनी घरभर येरझाऱ्या घातल्या असत्या, पण येरझाऱ्या घालणंही परवडत नव्हतं. बसले की उठावंसं वाटायचं, उठले की बसावंसं वाटायचं. पूजेला गुरुजी बोलवू, असं एकदा सुचवून पाहिलं; विनोदिनीबाई म्हणाल्या, घरचा माणूस धडधाकट असताना गुरुजी कशाला? एकदा कंबरेत उसण भरल्याचं बोलले. यामिनीनं ताबडतोब कंबरेचा पट्टा आणून दिला. एका दुपारी घरात कोणी नव्हतं तेव्हा त्यांनी झोपण्याच्या खोलीत पाट मांडून पाहिला. बसताना शेवटचा वीतभर भाग धप्पकन आपोआपच झाला. उठायची वेळ आली तेव्हा रांगत पलंगापर्यंत गेले, पलंगाचा पाय धरला, मग कड धरली, आणि कसेबसे वर आले तेव्हा घामानं बनियन भिजलं होतं. त्यांना रडू आलं. सिंचाई विभागाचा हेडक्लार्क स्वतःच्या घरात रांगत होता.

पण त्यातून एक गोष्ट त्यांनी पक्की केली. धरायला काही असलं तर उठता येतं. विनोदिनीची खुर्ची शेजारीच असणार. आरतीला उठताना तिच्या दांड्यावर हात टेकला की झालं. कोणाला कळणारही नाही.

पूजेच्या दिवशी घर भरून गेलं. पुरणाचा आणि उदबत्तीचा वास, बायकांच्या साड्या, मध्ये घुसलेली पोरं. दिवाकररावांनी सोवळं नेसलं, डाव्या हाताशी खुर्ची आहे याची खात्री केली आणि बसले. धप्प झालं ते घंटेच्या आवाजात लपलं. पूजेचे मंत्र त्यांनी खणखणीत आवाजात म्हटले. गुडघ्यात ठणका लागला होता, तो मांडीतून वर कंबरेपर्यंत चढत होता, पण आवाज ढळला नाही. लोक कौतुकानं बघत होते, आणि खोटं कशाला बोला, त्यांना ते कौतुक आवडतही होतं.

नैवेद्य झाला. आरतीसाठी सगळे उभे राहिले, विनोदिनीबाईही उभ्या राहिल्या. तेवढ्यात यामिनीनं, "जगह बनाओ, जगह बनाओ," म्हणत मोकळी झालेली खुर्ची उचलली आणि लोकांच्या डोक्यांवरून मागच्या खोलीत पाठवून दिली.

दिवाकररावांचा डावा हात हवेत चाचपडला आणि खाली आला.

त्यांनी उजवा पाय काढून पाहिला. गुडघ्यात कोणीतरी खिळा ठोकावा तशी कळ आली आणि पाय जागचा हलला नाही. डावा करून पाहिला. पुढे समया होत्या, त्यांना धरता येईना, मागे माणसं. आरती सुरू झाली होती, तबक त्यांच्याच हातात होतं. सगळं घर उभं आणि यजमान बसलेला. त्यांनी बसल्या बसल्या तबक ओवाळायला सुरुवात केली.

"देखो, भाव में आ गए काका," मागून कोणीतरी कुजबुजलं.

आरती संपली तरी काका उठले नाहीत. मग लोकांना वाटलं, आता असंच करायचं असेल. महालक्ष्मीला हळदकुंकू वाहायचं, नमस्कार करायचा, आणि बसलेल्या काकांनाही वाकायचं. काका डोळे मिटून हात वर करत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी इतके आशीर्वाद दिले नव्हते. मिटलेल्या डोळ्यांआड एकच विचार होता, की हे सगळे जातील कधी, आणि गेल्यावर मी करू काय?

"चला, पानं वाढली आहेत," विनोदिनीबाईंचा आवाज आला. "यांचा जप बाकी आहे अजून. तुम्ही चला, हे येतीन मागून." सगळे ओसरीकडे गेले. दार ओढून घेतल्याचा आवाज झाला.

दिवाकररावांनी डोळे उघडले. समोर दोघी महालक्ष्म्या उभ्या होत्या, छान सरळ. बाहेर ताटांचा आवाज, हसणं. थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं आणि फरशीवर आवाज झाला. ठप्. तो आवाज त्यांनी मागे महिनोन्महिने ऐकला होता.

विनोदिनीबाईंनी वॉकर बाजूला उभा केला, जेवणाच्या टेबलाची जड लाकडी खुर्ची ओढत आणली आणि भिंतीला टेकवून ठेवली. "झाला का जप?" त्यांनी विचारलं.

"विनोदिनी," दिवाकरराव म्हणाले, "मले उठता नाही येऊन राहिलं." हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं. बोलून झाल्यावर त्यांना इतकं मोकळं वाटलं की त्यांचंच त्यांना नवल वाटलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाले उचलू नाही शकत. सांगते तसं करा. आधी डाव्या कुशीवर वळा. आता गुडघ्यावर या, ही शाल घ्या खाली. दुखीन, दुखू द्या. आता हात खुर्चीवर. डावा पाय आधी. हं."

दिवाकरराव कण्हत, देवासमोर नको ते दोन शब्द उच्चारत, खुर्चीवर आले आणि धापा टाकत बसले. विनोदिनीबाईंनी वॉकर पुढ्यात ठेवला. त्यांनी मुठी धरल्या, जोर लावून उभे राहिले आणि चमकले. विनोदिनीबाई त्यांच्या खांद्याएवढ्या. हा वॉकर बाईंच्या मापाचा. दिवाकररावांना वाकावं लागायला हवं होतं. पण मुठी बरोबर हाताशी आल्या होत्या.

"याची उंची कोणी वाढवली?"

"मी. पाट काढाले माळा उघडला तेव्हाच." त्या त्यांच्या सोवळ्याचा निऱ्या सुटलेला भाग नीट करत होत्या. "मले वाटलं होतं पाटावर बसायच्या आधी सांगाल. इतकं विचारलं. पण तुम्ही बसलेच जी."

"तुले कधीपासून…"

"अवो, माह्या मलमाचा वास माह्यापेक्षा तुमच्या पायजम्याले जास्त येत होता. धुणं कोण धुते या घरात?" त्या हसल्या, मग हसू गेलं. "मले ऑपरेशन करायचंच नव्हतं. भल्ली भीती वाटे मले. पण मागच्या नवरात्रात गच्चीच्या जिन्यावर तुम्ही बसलेले दिसले. उठाले पाहत होते अन् उठता येत नव्हतं. मी तशीच मागे फिरली. म्हटलं, हा माणूस बोलणार तर नाही. पण पडला तर याले पाहाले कोणीतरी उभं पायजे ना घरात. दोघं एकदम लोळत पडलो असतो तर पोरीनं कोणाकोणाचं केलं असतं? म्हणून मी आधी करून घेतलं."

पलंगाची कड धरून ओठ चावणारी ती बाई दिवाकररावांना आठवली, आणि काळा होईस्तोवर उकळलेला चहा आठवला. ती ते सगळं आपल्यासाठी सोसत होती, आणि आपण चार ठिकाणी सांगत सुटलो होतो की मीच हिला तयार केलं. त्यांना लाज वाटली. आणि लाजेच्याही वर, इतक्या वर्षांच्या संसारात कधी वाटलं नव्हतं एवढं प्रेम वाटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. विनोदिनीबाईंनी पदरानं पुसले.

"मले भेव वाटते," ते म्हणाले. "तुळशीरामसारखं झालं तर?"

"नाही होत."

"काहून नाही होत?"

"गुडघ्याखाली उशी मागाल तर मी देणार नाही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "रडले तरी नाही देणार. अन् चहा कराले स्वयंपाकघरात बी जाणार नाही मी. इथंच उभी राहीन."

म्हणजे तेही तिला माहीत होतं. दिवाकरराव खाली मान घालून वॉकरच्या मुठींकडे बघत राहिले. मग त्यांनी तो उचलून पुढे ठेवला. ठप्.

दार उघडलं तेव्हा ओसरीवरची पंगत अर्धी जेवून झाली होती. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध लावलेले उमाळकरकाका वॉकर घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांचे घास हातातच राहिले. यामिनी वाढता वाढता थबकली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "अरे! काका को क्या हो गया?"

विनोदिनीबाईंनी नुसतं नवऱ्याकडे पाहिलं.

"घुटने गए मेरे," दिवाकरराव म्हणाले. "कब के गए हैं. दिवाली के बाद ऑपरेशन है."

"दोनों?"

"हव," दिवाकरराव म्हणाले. "दोनों."

त्यांचं पान ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला मांडलं होतं, टेबलावर, दोन खुर्च्यांसमोर. सगळे बघत असताना तिथवर जायचं होतं. विनोदिनीबाईंना ते अंतर काहीच नव्हतं. त्या कधीच पोचून पोळीवर तूप वाढून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या शेजारीच राहिल्या. वॉकर टेकला की एक पाऊल टाकायच्या आणि थांबायच्या, पूर्वी बाजारातून येताना थांबायच्या तशाच.